मागची सीट

१

माणसाचं तोंड खोटं बोलेल, बूड बोलणार नाही. हे गादीवालीचं मत होतं, आणि कुणी विचारो न विचारो, ती ते ऐकवायचीच. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं ती सीटा शिवता शिवता शिकली. मोटारसायकलच्या सीटा, मोटारीच्या सीटा, न्हाव्याच्या खुर्च्या. एकदा तर दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा तिनं उसवून नवी करून दिली होती. जुनं रेक्झिन काढून आतल्या फोमवरून तळवा फिरवला, की बसणारा माणूस तिला समोर उभा असल्यासारखा कळायचा. कोण डाव्या अंगाला कलतो, कुणाची कंबर धरलीय, कोण मागच्या खिशात पाकीट ठेवूनच बसतो. एका साहेबाला तर तिनं भर दुकानात सांगितलं होतं, "तुमच्या मागं जी बसते ना, ती तुमची बायको नाही. बायको मी बघितलीय. ती या एवढ्याशा खड्ड्यात मावायची नाही." ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, आणि गल्लीनं तिचं नाव तोफ ठेवलं.

नवरा अगदी उलटा. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तो काचा कापायचा. खिडक्यांच्या, दारांच्या, कपाटांच्या. दिवसभर काचेबरोबर राहून तोही काचेसारखाच झाला होता. असला तरी दिसायचा नाही. बोलायचा कमी आणि बायकोचं ऐकून घ्यायचा जास्त.

लेकीचं लग्न होऊन ती दूर गेली, घर रिकामं झालं, आणि एका सकाळी गादीवाली कापायला बसते तर तिच्या टेबलावर देशाचा अख्खा नकाशा पसरलेला.

"हे काय मांडलंय?"

"रस्ता."

"कुठला?"

"सगळीकडचा," काचवाला म्हणाला, आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं बोट फिरवलं. मध्ये मध्ये थांबला. "इथे एक चर्च आहे. इथे एक. हे डोंगरावरचं. हे समुद्राकाठचं, याची खिडकी म्हणे दोन माणसं उंच."

"देवाला जायचं वय झालं म्हणून मोटारसायकलवरून जाणार?"

"देवाला नाही गं. काचा बघायला. देव भेटलाच तर हात जोडीन."

ती गोष्ट तिला ठाऊक होती. काम शिकत असताना त्याचा उस्ताद त्याला एका चर्चची फुटलेली खिडकी बसवायला घेऊन गेला होता. नवी तांबडी काच चौकटीत बसली, ऊन आलं, आणि त्याच्या हातावर लाल पडलं. त्याला वाटलं, हात कापला. त्यानं फडक्यानं पुसलं. पुसलं जाईना. त्यानंतर सगळं आयुष्य त्यानं साधी काच कापली, पण ते लाल काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

"जा बापडे," ती म्हणाली. "माझे गुडघे उठताबसता बोलतात. देशभर हाडं खिळखिळी करून घ्यायला मी यायची नाही."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण सीट दोघांची कर. मागं जागा असू दे."

तिची कात्री थांबली. ही येणार नाही म्हणते, आणि हा मागं जागा ठेवतो. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

२

गाडी जुनीच होती. हिरव्या टाकीची, टाकीवर एका बाजूला पोचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं दिली होती. त्याच्या खिशात कायम पाना असायचा म्हणून त्याला सगळे पानाच म्हणत.

गादीवालीनं जुनी सीट टेबलावर घेतली, रेक्झिन उसवलं आणि हात फिरवला. पुढचा फोम चांगला होता. मध्यम अंगाचा पुरुष, सरळ बसणारा, फार फार तर दोनेक पावसाळे वापरलेली सीट. मग तिचा हात मागं सरकला आणि तिथेच थांबला.

मागच्या सीटचा फोम मेला होता. दाबून दाबून त्याचा पापड झाला होता. वर्षानुवर्षं कुणी उठलंच नाही, असा.

तिनं पुन्हा हात फिरवला. पुढं, मागं. पुढं, मागं. मोटारसायकलवर मागचा माणूस पुढच्याशिवाय बसत नाही. पुढची सीट जास्त झिजते, मागची कमी. सगळ्या जगात असंच असतं. इथे मागची झिजून संपली आणि पुढची तरुण. म्हणजे चालवणारा उतरून जात होता आणि मागचं माणूस बसूनच राहत होतं? कुठे बसून राहत होतं? कशाला?

ती तशीच उठून गॅरेजवर गेली.

"पाना, ही गाडी कुणाची रे?"

"का? चालत नाही का?"

"चालतेय. कुणाची ते सांग."

"एक माणूस आला होता, काकू. नवरा-बायको फिरायचे म्हणे याच्यावरून. लांब लांब."

"मग बायको कुठाय?"

"आता हे मी कसं विचारू? एकटाच आला. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाला पायी. मी म्हटलं, थांबा, याच गाडीवरून स्टँडवर सोडतो, मागं बसा. तर असा दचकला! म्हणे मागं नको. मागं मी बसत नाही."

"आणि तू अशी गाडी आमच्या गळ्यात मारलीस."

"इंजिन बघा ना काकू, इंजिन सोनं आहे."

"इंजिनावर बसतोस का तू, मेल्या?" ती म्हणाली आणि परत आली.

मेला फोम तिनं कचऱ्यात टाकला. नवा घातला, चांगला जाड, उसळी मारणारा. वर काळं रेक्झिन, दुहेरी शिवण. हात धुऊन झाल्यावर तिनं स्वतःलाच दटावलं. जुना माल आहे, कुठे गोदामात वर ओझं ठेवलं असेल कुणी, त्यानं बसला असेल फोम. झालं. उगाच भुई धोपटू नकोस.

३

काचवाला रोज दुपारी जेवणाआधी गाडीवरून एक चक्कर मारून यायला लागला. हात बसायला हवा, म्हणायचा. संध्याकाळी नकाशा, आणि कुठल्या कुठल्या चर्चला फोन. राहायला खोली मिळेल का, गाडी आत ठेवता येईल का, खिडक्यांवर ऊन कुठल्या वेळी येतं. एवढं बोलताना तिनं त्याला लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

नणंद वरच्या मजल्यावर राहायची. तिचं निम्मं आयुष्य गॅलरीत गेलं होतं आणि उरलेलं निम्मं तिथे बघितलेलं सांगण्यात.

"वहिनी," ती एक दिवस कपडे वाळत घालता घालता वरून म्हणाली, "दादा कुणाला सोडून येतो गं रोज?"

"कुणाला म्हणजे? एकटे जातात, एकटे येतात."

"ते दिसतंच. पण गाडी थांबली की हा लगेच उतरत नाही. पाय टेकतो, मान जरा मागं वळवतो, आणि थांबतो. मागचं माणूस उतरेपर्यंत थांबावं ना, तसा. मग स्टँड लावतो."

"तुला उद्योग नाही दुसरा."

"मला नाहीच. तुला आहे म्हणून तुला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी गादीवाली दुकानाच्या दाराआड उभी राहिली. गाडी अंगणात आली. थांबली. काचवाल्यानं दोन्ही पाय टेकले. मान डावीकडे, थोडी मागं. आणि थांबला. गाडीचे स्प्रिंग किंचित कुरकुरले आणि मागची बाजू जराशी वर आली, ओझं उतरल्यासारखी. मग त्यानं स्टँड लावला.

ती तरातरा पुढे झाली. "कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी थांबता तुम्ही."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "थांबतो का मी?" तो म्हणाला. आणि खरंच विचारत होता.

खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. खोट्याला कसं धरायचं, ते तिला येत होतं.

तो हात धुवायला आत गेला. तिनं मागच्या सीटवर तळवा ठेवला. सीट उबदार होती. ऊन असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण अंगण त्या वेळी सावलीत असायचं, आणि नवरा नुकताच उठला ती पुढची सीटसुद्धा एवढी गरम नव्हती. तळव्याखाली तिला खड्डा लागला. आणि तो खड्डा हळूहळू, अगदी सावकाश, भरून वर येत होता. नवा फोम असाच वर येतो. माणूस उठून गेल्यावर.

४

आता ही चोरी तिच्या धंद्यातली होती, आणि धंद्यातला चोर तिला पकडता येत होता.

लांब जाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिची एक रीत होती. नवरा खिडकीच्या चौकटीत काच बसवताना कडेनं मऊ पुट्टी भरायचा. त्याच पुट्टीचा बोटभर जाड थर ती दोन प्लास्टिकच्या मध्ये थापायची आणि त्यावर गिऱ्हाइकाला बसवायची. पुट्टीत जसा छाप उमटला तसा फोम कापायचा. असली सीट दुसऱ्या कुणाकडे मिळत नसे, कारण दुसऱ्या कुणाच्या घरात काचवाला नवरा नव्हता.

तिनं मागच्या सीटचं रेक्झिन एका बाजूनं सोडलं, फोमवर पुट्टीचा पातळ थर सरकवला, पुढच्या अंगाला एक कोपरा कापून खूण ठेवली, आणि वरून पुन्हा टाके घातले. नवऱ्याला काही बोलली नाही. तो चक्कर मारून आला, पाय टेकले, थांबला, उतरला, जेवायला गेला. ती सुरी घेऊन अंगणात आली आणि टाके उसवले.

छाप स्वच्छ होता.

बाई. त्याबद्दल शंकाच नको. तरुण नाही, अंगानं भरलेली. गुडघा दुखत असणार, कारण एका बाजूला भार कमी टाकलेला. गादीवालीच्या तोंडून शिवी येता येता राहिली. म्हणजे आपल्याच वयाची? निदान एखादी चवळीची शेंग तरी धरायची!

मग तिनं नीट बघितलं, आणि हातातली सुरी तिनं सावकाश खाली ठेवली.

माणूस बसतो तेव्हा मागं बुडाचा खोल छाप असतो आणि पुढं मांड्यांचे दोन लांबट. इथे खोल छाप पुढे होता, चालवणाऱ्याच्या पाठीकडे. मांड्या मागच्या दिव्याकडे गेलेल्या. तिनं कापलेला कोपरा शोधला. तो पुढेच होता. पुट्टी फिरली नव्हती. बाई फिरलेली होती. नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागं करून, मागं पडणाऱ्या रस्त्याकडे बघत बसलेली.

"कुठली बया उलटी बसते?" ती मोठ्यानं म्हणाली आणि हसली. अंगणात ते हसू बरं वाटलं नाही. तिनं पुट्टीचा गोळा केला, मळून मळून छाप पार मोडून टाकला, आणि दिवसभर हाताला साबण लावत राहिली.

५

काचवाला शिडीवर होता, शेजारच्या शाळेच्या खिडकीशी. त्याचा फोन तिच्या टेबलावर नकाशाखाली वाजला. तिनं उचलला.

एक म्हातारा बोलत होता. वाटेवरच्या पहिल्या चर्चची देखरेख तो करायचा. आवाज गोड, दम लागलेला.

"खोली मिळेल म्हणून सांगा. दोघंच ना?"

"एकटेच येणार आहेत."

"असं का? त्यांनी गाडीचा फोटो पाठवला होता, आत मावेल का विचारायला. मला आता नीट दिसत नाही, पण नातीनं सांगितलं, हिरवी टाकी, पोचा आलेला. म्हटलं, हे तर आपलेच पाहुणे! जातानाही थांबले होते आणि येतानाही."

"ते दुसरे. गाडी आम्ही विकत घेतली."

"असेल, असेल. त्यांच्या मागं बाई होत्या. उतरल्याच नाहीत हो गाडीवरून. मी पाणी घेऊन गेलो तरी नाही. त्यांना सांगा, या वेळी आत या. बाहेर ऊन फार असतं."

"मी सांगतेय ना, ते लोक दुसरे!" तिनं फोन आपटला.

नवरा आल्यावर तिनं एकच वाक्य टाकलं. "गाडी परत द्या."

"का?"

का, ते कसं सांगणार? फोम मेला होता म्हणून? पुट्टीत कुणी उलटं बसलं म्हणून? तिलाच ऐकायला वेडगळ वाटलं असतं. मग जे येत होतं ते ती बोलली. वय काय, सोंगं काय, लोक तोंडात शेण घालतील, लेकीला काय सांगू. काचवाला ऐकत राहिला. तिच्या तोंडाचा पट्टा थांबल्यावर तो म्हणाला, "आयुष्यभर जिच्यातून दुसरं काहीतरी दिसतं तीच काच कापली मी. एकदा मला काच बघायचीय. तू येत नाहीस तर नको येऊस. मी काही एकटा नाही."

ती गरकन वळली.

"काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"एकटा नाही म्हणालात."

तो गोंधळला. "म्हणजे... गाडी आहे ना सोबत."

त्या दुपारी तिला एक गोष्ट लख्ख कळली. हा माणूस तिच्या हातातून चालला होता. बाईनं नेला असता तर तिनं त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या. इथे झिंज्या नव्हत्या. होती फक्त एक रिकामी जागा. आणि रिकामी जागा सोडली की कुणीही येऊन बसतं, हे बसमध्ये चढणाऱ्या पोरालासुद्धा कळतं.

"मी येते," ती म्हणाली.

काचवाल्याचा चेहरा असा उजळला, की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. आधीच हो म्हटलं असतं तर?

मग ती सीटला भिडली. गुडघे अवघडायला नकोत म्हणून मागची सीट तिनं चांगली लांब केली, पाठीला टेकू दिला, आजूबाजूला सामानाच्या पिशव्या अडकवायला पट्टे शिवले. नणंद वरून बघत होती.

"वहिनी, एवढी लांब? एकटीची केलीस की दोघींची?"

"तुझी नजर लागू नये म्हणून जास्तीची केलीय. तू बस तिच्यावर," तिनं वरच्या वर उत्तर दिलं. नणंद हसली. तीही हसली. पण तेव्हा टेपनं पुन्हा मोजून बघितलं असतं, तर बरं झालं असतं.

६

निघायची सकाळ स्वच्छ होती. पिशव्या बांधून झाल्या. पाना हवा बघून गेला. नणंदेनं वरून डोळे पुसले आणि पोचल्यावर फोन करा म्हणून चारदा ओरडली. काचवाल्यानं गाडी सुरू केली.

गादीवालीनं पदर खोचला, नवऱ्याच्या खांद्याला धरलं, पाय टाकला आणि धपकन बसली. मुद्दाम धपकन. कुणी असेल तर कळू दे, मालकीण आली म्हणून.

आणि तिच्या गुडघ्यांना दुसरे गुडघे लागले.

समोर काही नव्हतं. नवऱ्याची पाठ होती, तिच्यापासून वीतभर जास्तच लांब. पण तिच्या दोन्ही गुडघ्यांना समोरून दोन गुडघे टेकले होते. गरम, जाड, वयस्कर गुडघे. गर्दीच्या बसमध्ये समोरासमोरच्या बाकांवर बसल्यावर अनोळखी बाईचे लागतात, तसे. त्यांतला उजवा जरा बाजूला सरकला, दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून माणूस सरकवतो तसा.

"बसलीस?" काचवाल्यानं विचारलं.

उतरावं. आत्ताच्या आत्ता उतरावं, घरात जाऊन कडी लावावी. तिच्या अंगावरचा प्रत्येक केस हेच सांगत होता. पण ती उतरली असती तरी तो गेला असता. मागं हिला घेऊन. सगळा देश.

"बसले," ती म्हणाली. "चला."

वाटेत तो दोनदा थांबला. एकदा पेट्रोलला, एकदा झाडाखाली पाय मोकळे करायला. ती उतरली नाही. मांड्या बधिर झाल्या, कमरेत कळ आली, तरी ती सीटला चिकटून राहिली. मी उठले की हिला रान मोकळं. गाडी सुरू झाली की तिनं हात पुढे करून नवऱ्याचा शर्ट धरायचा प्रयत्न केला. बोटं पोचायची, पण कशाच्या तरी कडेनं वळसा घालून पोचायची. पुढे पुढे तिनं हात मांडीवर ठेवून दिले आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर समोर कुणीतरी श्वास घेतंय, असं ऐकू यायचं. दमलेला श्वास. कामानं दमलेल्या बाईचा.

७

चर्च लहान होतं, दगडी, गावाबाहेर. काचवाल्यानं गाडी थेट दाराकडे तोंड करून लावली. पाय टेकले, मान वळवली, थांबला.

"तुम्ही जा आत," ती म्हणाली. "मी बसते इथेच."

"अगं, दिवसभर बसलीयस! चल ना. ऊन आत्ता बरोबर खिडकीवर आहे, कललं की रंग जातील."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. पहिल्यांदाच घाईघाईनं चालताना तिनं त्याला बघितलं, खेळायला निघालेल्या पोरासारखा. तेवढ्यासाठी तरी आलो ते बरं, असं तिला वाटलं.

बाजूच्या खोलीतून म्हातारा आला. हातात पाण्याचा पेला, दुसरा हात भिंतीवर.

"तुम्हीपण नाही उतरणार?"

"नाही."

"ती बाईही असंच म्हणाली होती. पहिल्या खेपेला. म्हणाली, मी उठले की दुसरी बसेल माझ्या जागेवर. मला वाटलं, चेष्टा करतेय."

गादीवालीनं त्याच्याकडे मान वळवली. "आणि दुसऱ्या खेपेला?"

"येताना ना? तेव्हा बोललीच नाही. नवऱ्याकडे पाठ करून उलटी बसली होती. मला तेव्हा दिसायचं थोडं. म्हटलं भांडण झालं असेल, आपण कशाला मध्ये पडा?" तो स्वतःशीच हसला. "नवरा-बायकोचं काय, आज उलटं, उद्या सुलटं."

तिनं समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच बघितलं. सीट खोल दबलेली होती. म्हणजे ही सवत नव्हती. ही कुणाची तरी बायको होती, दुखऱ्या गुडघ्यांची, आपल्यासारखीच हट्टी. आपला माणूस जाऊ नये म्हणून जागा धरून बसलेली. बसली ती बसलीच. तिचा माणूस केव्हाच किल्ली टेबलावर ठेवून पायी निघून गेला, आणि हिला कुणी उतर म्हटलंच नाही.

गादीवालीला भीती वाटायची ती वाटतच होती, पण त्या भीतीच्याही वर राग चढला. बायकांची कीव आली की तिला रागच यायचा.

"ऐक," ती दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणाली. "मी तुला घाबरत नाही. पुरे झालं हे. तू उतर आधी. मग मी उतरते."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या गुडघ्यांवरचा दाब गेला. स्प्रिंग कुरकुरले, गाडी किंचित वर आली, आणि समोरचा खड्डा सावकाश भरत वर येऊ लागला.

"हां, अशी," ती म्हणाली आणि एक पाय जमिनीकडे टाकायला गेली.

पाय हलला नाही. दुसराही नाही. मुंग्या आल्या असतील, तिला वाटलं, दिवसभर बसून.

"उतरलात एकदाच्या!" म्हातारा आनंदानं म्हणाला आणि त्यानं पेला पुढे केला. तिच्याकडे नाही. तिच्या बाजूला. "घ्या, पाणी घ्या. जा आत, साहेब वाट बघतायत."

"अहो आजोबा, मी अजून बसलेय!" ती ओरडली. गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायची तशी ओरडली. म्हाताऱ्यानं मानसुद्धा वळवली नाही. रिकामा पेला घेऊन तो भिंत चाचपत निघून गेला.

वाळूवर पावलं वाजत गेली. एक पाय जरा ओढत.

तिला चर्चच्या दाराकडे बघायचं होतं. पण समोर दार नव्हतं. हँडल नव्हतं, हिरवी टाकी नव्हती. समोर मागचा दिवा होता, आणि त्याच्या पलीकडे, लांबवर, ते आले होते तो रस्ता.

पाठीमागून, आतून, काचवाल्याचा आवाज आला. "आलीस! बघ, बघ, हात पुढे कर. बघ कसं लाल पडतं."

मग तो हसला. असा तो घरात कधी हसला नव्हता.

किती वेळ गेला, कोण जाणे. पावलं परत आली, दोघांची. तिच्या पाठीला तिच्या नवऱ्याची पाठ टेकली, ओळखीची, उबदार. तिनं हाक मारली. पाठ हलली नाही. मग समोर सीट दबली, धपकन, मालकिणीनं बसावं तशी, आणि तिच्या गुडघ्यांना दोन गुडघे लागले. मान वर केली असती तर तोंड दिसलं असतं. तिनं मान वर केली नाही.

"बसलीस?" काचवाल्यानं विचारलं.

"बसले," समोरून कुणीतरी म्हणालं, तोफेसारख्या खणखणीत आवाजात. "चला."